नकटी टिकते की नाकवाली?

शालिक, काल रविवार होता. तुझ्या गाडीचा निकाल देण्याची मुदत काल संपली. दिला मी निकाल. काय दिला ते लगेच विचारू नको. तुला कोणत्याही गोष्टीचा शेवट आधी पाहिजे असायचा; क्रिकेटची मॅचसुद्धा तू कोण जिंकलं ते कळल्यावर पाहायला बसायचा. या वेळी माझ्या क्रमानं ऐक. मधात बोलायची सोय आता तुला नाही. चौदा वर्षांत तू मला एक वाक्य धड पूर्ण करू दिलं नाही, त्यामुळे मी थोडा सैल लिहिणार आहे.

तुझी तेरवी आटोपली, पंगती उठल्या. मांडववाला खुर्च्या एकात एक घालत होता आणि मी चपला शोधत होतो. तेवढ्यात बेबीवहिनी आल्या. डोळे कोरडे होते. आजूबाजूला तुझे चुलतभाऊ, पाहुणे, सगळे उभे असताना त्यांनी मला सरळच विचारलं.

"भाऊजी, हे गाडी ठेवू का विकू? हिंगणघाटचा गिऱ्हाईक रविवारी येतो म्हणते. निखिल म्हणते, गाडी विक, भाजीची वाडी दुसऱ्याले बटईनं दे अन् माह्यासोबत पुण्याले चाल. मी म्हटलं, मनोहरभाऊजीले इचारतो. गाडी धोका देणार नसन तं मी वाडी करतो. देणार असन तं आताच सांगून द्या. पहाटे पाच वाजता भाजी भरून मी रस्त्यावर एकटी उभी राह्यली नाई पायजे."

तुझ्या बायकोनं हे मला विचारावं! अख्ख्या सेलू तालुक्यात तुझ्या गाडीला सगळ्यात जास्त नावं ठेवली असतील तर ती मी. निखिल बाजूलाच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं, त्याला वाटत होतं काका आता "विका" म्हणतील आणि विषय संपेल. पोरगा वाईट नाही. आईनं एकटीनं मातीत राबू नये एवढंच त्याचं म्हणणं. पण वहिनींना पुण्याच्या तिसऱ्या माळ्यावर बसवून काय करायचं, हे तुला जसं कळलं नसतं तसं मलाही कळेना. वांगी, टमाटर, सांभाराच्या अन् मेथीच्या जुड्या, त्या वाडीच्या बाहेर ती बाई मी कधी पाहिली नाही. आणि वाडी उभी आहे ती गाडीच्या भरवशावर. गाडी नाही तर वाडी नाही.

मी म्हटलं, "रविवारपर्यंत सांगतो. मले नीट पाहू द्या."

कंपन्यांची नावं मी इथं लिहीत नाही. दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांचं सुटं सामान माझ्या दुकानात आहे आणि दुकान अजून चालवायचं आहे. आपण जी नावं ठेवली तीच चालू दे. तुझी समोरून सपाट, बोनेटच नाही, म्हणून नकटी. माझी पुढं बोनेट काढलेली, म्हणून नाकवाली. दोन्ही मालवाहू, दोन्ही एकाच वर्षाच्या, माझी दोन-तीन महिन्यांनी थोरली.

तू गाडी घेतली त्या दिवशी आधी देवळात गेला आणि मग माझ्या दुकानात आला. काचेवर झेंडूचा हार, हातात पेढ्याचा डबा. पेढा माझ्या तोंडात कोंबला. तो पेढा गिळायच्या आधी मी म्हटलं, "नकटी घेतली? चांगलं केलं भाऊ. माह्या पोरीच्या लग्नाची सोय झाली." म्हणजे तुझी गाडी इतक्या वेळा मोडेल की सामान विकून विकून मी पोरीचं लग्न करीन. बब्बू मिस्त्री शेजारच्या टिनाच्या शेडमधून फिदीफिदी हसला. तू हसला नाही. डबा बंद केला आणि निघून गेला. मला वाटलं आता हा माणूस काही परत येत नाही. दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या मार्केटमधून भाजी विकून परत येताना, साडेनऊला, दुकानापुढं गाडी लावून तू खाली उतरला आणि म्हणाला, "काल काय म्हटलं बे तू? आता बोल."

तेव्हापासून चौदा वर्षं साडेनऊला.

माझं म्हणणं साधं होतं आणि तुला ते पाठ होतं. माझ्या दुकानात डाव्या हाताला तीन रॅक नकटीच्या सामानाचे, उजव्या हाताला नाकवालीचा एक. मी तुला रॅकसमोर उभं करून शाळेतल्या पोराला विचारावं तसं विचारायचो.

"एवढं सामान मी काऊन ठेवतो?"

"खपते म्हणून."

"खपते काऊन?"

"तूच सांग."

"मोडते म्हणून. झालं. नकटी कच्ची."

यावर तू सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पुडी काढायचा, तळहातावर चोळत राहायचा. घाई नाही. मग एक दिवस तू जे म्हणाला ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही, कारण त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तू म्हणाला, "मनोहर, तुले दुकान चालवता येते, डोकं चालवता येत नाई. जे गाडी मेली तिचं सामान कोण घेईन बे? सामान लागते जितीले. तुया नाकवाल्या भंगारात गेल्या म्हणून तुया इथं एकच रॅक हाय."

बब्बू गाडीखालून नुसता पाय हलवत हसत होता. मी म्हटलं, "चहा पी." दुसरं काय म्हणणार?

मग तिसऱ्या वर्षी गिरडला गेलो ते आठव. वहिनींचा नवस होता, म्हणून आपण चौघं तुझ्या नकटीतून दर्ग्याला गेलो. बायका टेकडी चढून गेल्या आणि आपण दोघं खाली गाड्यांच्या रांगेतच अडकलो. तू म्हणाला, चल मोजू. दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्या, नंबरप्लेट पाहून. तू नकट्या मोज, मी नाकवाल्या मोजतो. ऊन मी म्हणत होतं आणि दोन घोड्याएवढी माणसं गाड्यांच्या मागून वाकून वाकून फिरत होती. एका ड्रायव्हरला वाटलं आपण डिझेल चोरतो. तो लोखंडी टॉमी घेऊन उतरला. तू त्याला म्हणाला, "भाऊ, तुमची गाडी किती वर्षाची? इंजिनचं काम झालं का?" त्याच्या हातातली टॉमी तशीच राहिली आणि तो पंधरा मिनिटं आपल्याशी गिअरबद्दल बोलला.

म्हाताऱ्या नकट्या ढीगभर निघाल्या. नाकवाल्या शोधाव्या लागल्या. तू हात झटकले, झालं म्हणून. मी म्हटलं, "असं नाई चालत. पह्यल्यापासून नकट्या विकल्याच जास्त. मंग म्हाताऱ्याबी जास्त दिसतीन." तू थांबला. हे तुला पटलं होतं, तुझ्या भुवया वर गेल्या की मला समजायचं. मग तू म्हणाला, "बरं. बाकीच्या सोड. आपल्या दोघाइच्या धर. एकाच वर्षाच्या हाय. ज्याचं इंजिन आधी उघडन थो हरला."

मी हो म्हटलं. तेवढ्यात बायका खाली उतरल्या. वहिनी म्हणाल्या, "दर्शन नाई, काई नाई, इथं येऊन गाड्या मोजून राह्यले का?" आणि मग घरापर्यंत आपल्याशी कोणी बोललं नाही.

आता एक कबुली. तू जिवंत असता तर ही मी मेलो तरी दिली नसती.

माझ्या नाकवालीचं इंजिन चौथ्या वर्षीच उघडलं. बब्बूची शेड माझ्या दुकानाला लागून आहे, हाक मारली तर तो ओ देतो. तरी मी गाडी वर्ध्याला नेली, मार्केटच्या पलीकडं एका गॅरेजमध्ये घातली आणि गावभर सांगितलं की पुलगावला साळ्याच्या पोराचं लग्न आहे. पाच दिवस. परतलो तेव्हा इस्त्रीचे कपडे घालून दुकानात बसलो आणि तुला पंगतीचं वर्णन केलं. बुंदी चांगली होती म्हणून सांगितलं. तू विचारलं, "वऱ्हाडी किती होते?" मी तेही सांगितलं. दुसऱ्यांदा काम निघालं तेव्हा साखरपुडा सांगितला. माझ्याकडं एवढे नातेवाईकच नाहीत, शालिक. तू बसून मोजले असते तर मी तिथंच सापडलो असतो.

तुझी नकटी मात्र चालत राहिली. का चालली हे मी रोज पाहत होतो आणि पाहून न पाहिल्यासारखं करत होतो. गाडी सुरू केली की तू लगेच हलवायचा नाही. खाली उतरून गाडीच्या बाजूच्या पाटीवर हात ठेवून उभा राहायचा, आवाज ऐकायचा. टमाटरचे कॅरेट दोन थरांच्या वर कधी नाही, मार्केटमध्ये भाव कितीही चढला असू दे. गाडी कोणाला द्यायची नाही, सख्ख्या भावाला नाही. आणि बेबीवहिनींनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हे तर तू चौकात उभा राहून सांगायचा. "बाईच्या हाती गाडी दिली तं चार दिवसात क्लच जाईन."

क्लच तुझाच जायचा, भाय. डावा पाय कायम पेडलवर ठेवलेला. दरवर्षी एक प्लेट तू माझ्याकडून नेली. बब्बू ओरडायचा, "शालिकभाऊ, पैर हटाओ ना उसपे से!" तू ऐकायचा नाही. मागच्या वर्षी मात्र प्लेट लागली नाही. मी म्हटलं, "म्हातारपणी चालवाले शिकला वाटते." तू नुसता हसला. त्याच वर्षी वहिनी रोज तुझ्यासोबत मार्केटला यायला लागल्या होत्या. मी त्यावरूनही तुला सोडलं नाही. म्हटलं, "आता कुठं प्रेम ऊतू चाललं का बे?" त्यावरही तू हसला. तू भांडण सोडून हसतोस याचा अर्थ काहीतरी आहे, एवढं माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. आलं नाही.

तू जायच्या दोन दिवस आधीचं सांगतो, कारण ते मला कोणाला तरी सांगायचं आहे आणि दुसरं कोणी नाही.

तू आला, स्टुलावर बसला. खर्र्याची पुडी काढली नाही. म्हणाला, "मनोहर, एक गोष्ट सांगायची होती." मी म्हटलं, थांब, आधी माझं ऐक. एजन्सीचा माणूस येऊन गेला होता आणि नकटीच्या नव्या मॉडेलच्या गिअरबॉक्सची तक्रार सांगून गेला होता. मला तर गूळच सापडला. मी वीस मिनिटं गिअरबॉक्सवर बोललो. हातवारे करून, काऊंटरवर एक जुना गिअर मांडून. मग गिऱ्हाईक आलं, मी त्याला बेल्ट काढून द्यायला आत गेलो. बाहेर आलो तर तू उठून उभा होता. म्हणाला, "बरं, येतो. उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी तुझी गाडी दुकानावरून सरळ गेली, तू हात केला. मला वाटलं उशीर झाला असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला.

असो. निकालाकडे येतो.

गुरुवारी तुझी गाडी बब्बूच्या शेडमध्ये आणली. मी ठरवलं होतं, तू माझा कोणी नाही असं धरून पाहायचं. अनोळखी माणसाची चौदा वर्षं जुनी गाडी, बस. बब्बूनं सगळं उघडून दाखवलं. धूर नाही. तेल स्वच्छ. गिअर चारही पडतात, दुसरा जरा अडतो. खाली चेसिसला डाव्या बाजूनं गंज चढला आहे, मेथीच्या जुड्यांवर मारलेलं पाणी वर्षानुवर्षं तिथूनच गळत आलं; पट्टी मारावी लागेल. इंजिनकडं पाहून बब्बू म्हणाला, "शेठ, इसको आज तक किसी का हाथ नहीं लगा."

मी घरी येऊन विचार केला. गाडी चांगली आहे हे दिसतंच होतं. पण ती कंपनीमुळे चांगली की तुझ्यामुळे? चौदा वर्षं आपण दोघं कंपन्या तोलत बसलो आणि दोन्ही गाड्यांत बसलेला माणूस वेगळा आहे हे धरलंच नाही. तू आवाज ऐकायचा; मी रेडिओ लावतो. तू दोन थर भरायचा. मी मावेल तेवढं भरतो. मग हीच गाडी तुझ्याशिवाय किती टिकेल? वहिनींनी तर कधी स्टिअरिंग धरलं नाही. शिकतील, पण शिकेपर्यंत क्लच, गिअर, सगळ्याची वाट लागेल, आणि एखाद्या पहाटे पवनारच्या पुलावर भाजी घेऊन उभ्या राहतील. त्यांना नेमकी तीच भीती होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माझा निकाल ठरला होता. विका.

तरी तसं एकदम सांगवेना. म्हटलं, एकदा भरलेली गाडी चालवून पाहू. शनिवारी पहाटे मी तुझ्या घरी गेलो. वांगी आणि सांभार भरून तयार होतं. मी वहिनींना म्हटलं, "मी चालवतो, तुम्ही बाजूनं बसा." त्या म्हणाल्या, "तुमीच बसा बाजूनं," आणि साडीचा पदर खोचून ड्रायव्हरच्या सीटवर चढल्या.

गाडी सुरू केली. लगेच हलवली नाही. खाली उतरल्या, पाटीवर हात ठेवला, ऐकलं, परत चढल्या. क्लच दाबला, गिअर टाकला, आणि डावा पाय पेडलवरून उचलून खाली तळाच्या पत्र्यावर ठेवला. मी त्या पायाकडं पाहतच राहिलो. दुकानात वर्षभर पडून राहिलेली ती क्लचप्लेट माझ्या डोळ्यांपुढं आली.

"वहिनी, किती दिवसापासून?"

"मागच्या पोयाच्या सणापासून," त्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "पवनारच्या पुलापर्यंत मी चालवतो, पुढं ते बसत. मार्केटातले लोकं पाहतीन म्हणून. वापस येताना तुमच्या दुकानाच्या अलीकडं जागा बदलत. तुमी हसान म्हणून."

"काऊन पण?"

"छातीत भरून ये त्याइच्या. चालवता चालवता घाम सुटे. सावंगीच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणे, ऑपरेशन करून घ्या. हे म्हणे, टमाटर निघू दे." दुसरा गिअर अडला. त्यांनी क्लच अर्धा सोडून पुन्हा दाबला, गिअर पडला. "मंग मीच मांग लागली. म्हटलं, मनोहरभाऊजी दर महिन्याले सावंगीले जातेत, त्याइले सगळं मालूम हाय, त्याइले सोबत घ्या. त्या दिवशी तेच सांगाले आलते तुमच्याकडं."

पुढं बैलगाडी आली, त्यांनी गिअर खाली घेतला.

"गाडीत येऊन बसले तं म्हणे, मनोहर गिअरबॉक्स घेऊन बसला होता. उद्या सांगतो."

शालिक, मला राग आला. तुझा आला. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, पण मला आला आणि तो अजून गेलेला नाही. माझी शुगर, माझं बीपी, माझ्या छातीत टाकलेली नळी, दर महिन्याची ती फाइल, या सगळ्यावर तू किती हसला! "तू तं रोज वर्कशॉपात उभा," म्हणायचा. सामान लागते जितीले, हे मला कोणी शिकवलं? तूच ना बे? मग स्वतःच्या वेळी तुझी अक्कल कुठं गेलती? आणि माझी? तू खर्रा न काढता बसला होता आणि मी तुला गिअर दाखवत होतो. वीस मिनिटं. त्यातलं एक मिनिट मी गप बसलो असतो तर आज आपण दोघं सावंगीच्या बाकावर बसून माझी फाइल जाड की तुझी यावर भांडत असतो. हे मी स्वतःला माफ करीन असं मला वाटत नाही.

सेलू मागं पडलं, पवनार आलं. पुलाच्या अलीकडं वहिनींनी सवयीनं गाडी बाजूला घेतली. जागा बदलायला. मग त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि गिअर टाकला. पूल त्यांनीच ओलांडला.

मार्केटच्या तोंडाशी त्यांनी पलीकडच्या गॅरेजकडं बोट केलं. "इथं तुमची नाकवाली त्याइनं दोन डाव पाह्यलती. इंजिन खाली उतरवून ठेवलं होतं. मी म्हटलं, तुमी जिंकले ना, एकडाव सांगून द्या त्याइले. तं म्हणे, राहू दे."

म्हणजे बुंदी चांगली होती हे मी सांगत असताना तुला माहीत होतं. वऱ्हाडी किती होते हे तू मला विचारलं! आणि मी सांगितलं! ती वर्षं तू कशी काढली, शालिक, न हसता?

मार्केटमध्ये वहिनींनी दोन मोठ्या ट्रकच्या मधल्या जागेत गाडी उलटी घातली, एका दमात. हमालांनी डोक्यावरची पोती धरून ठेवून पाहिलं. मला ती जागा जमली नसती.

काल सकाळी सगळे माझ्या दुकानापुढं जमले. हिंगणघाटचा गिऱ्हाईक टायरवर लाथ मारून पाहत होता. निखिल पुण्याहून फोनवर होता, फोन काऊंटरवर आवाज मोठा करून ठेवलेला. वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. बब्बू हात पुसत उभा होता.

मी म्हटलं, "वहिनी, ठेवा. वाडी करा. गाडी तुम्हाले धोका देत नाई."

फोनमधून निखिल म्हणाला, "काका, तुम्ही हे आईचं मन राखायला म्हणताय का? तुम्हीच तर म्हणत होता नकटी कच्ची असते."

मग मला बोलावंच लागलं. मी म्हटलं, "निखिल, तुया आईच्या पायाखाली क्लच वर्षभर टिकला, हे मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. अन् कंपनीचं म्हणशील तं नकटीच चांगली. भंगारवाला दर महिन्यात माह्याकडं येते अन् नाकवालीचं इंजिन घेता का म्हणून इचारते. नकटीचं घेऊन आलेला मी त्याले क्वचितच पाह्यला. पाच-सहा वर्षं झाले मले हे मालूम हाय. तुया बाप बरोबर होता. मी खोटं बोलत होतो."

गिऱ्हाईक टायरवरचा पाय खाली घेऊन आपल्या मोटरसायकलकडं गेला. फोनमधून निखिल म्हणाला, "ठीक आहे, आई. ठेव." वहिनींनी बब्बूला विचारलं, चेसिसची पट्टी संध्याकाळपर्यंत होईल का, सकाळी मेथी न्यायची आहे. बब्बू म्हणाला, हो जाएगा. आणि त्या उठल्या, मला म्हणाल्या, "येतो भाऊजी," आणि रस्ता ओलांडून ऑटोत बसल्या.

बब्बू मात्र तिथंच उभा राहिला. हातातलं फडकं त्यानं दोनदा घडी केलं आणि म्हणाला, "शेठ, शालिकभाऊ के सामने एक बार बोल देते, तो तुम्हारा क्या जाता था?"

गिऱ्हाईक आल्यासारखं करून आत गेलो. उत्तर तुला देतो.

काय जात होतं? तुझं येणं जात होतं, शालिक. मी एकडाव हो म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तू माह्या दुकानात कायले आला असता?